खानदेशातील श्वसनज्ञान : डोह, पेव आणि प्रयोगशाळा

प्रास्ताविक

प्राण्यांच्या श्वसनाविषयीच्या ज्ञानाचा इतिहास बहुधा युरोपातील काही ठळक नावांच्या आधारे सांगितला जातो. मालपिघीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसातील केशवाहिन्या पाहिल्या, रॉबर्ट बॉइलने निर्वात पंपाखाली पक्षी, उंदीर आणि मासे ठेवून त्यांचे काय होते ते नोंदविले, प्रीस्टलीने १७७४ मध्ये प्राणवायू वेगळा केला आणि लाव्हाझिएने श्वसन हे एक मंद ज्वलन होय असे प्रतिपादन केले. हा क्रम पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. मात्र या सर्व प्रयोगांमागील पद्धत एकच होती, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्राण्याचा हवेशी असलेला संबंध कोणत्या तरी ठिकाणी तोडायचा, आणि तो कोठे तोडला असता प्राणी मरतो यावरून त्याचा श्वास कोठून चालतो हे ओळखायचे, अशी ती पद्धत होती.

हीच पद्धत जळगाव-धुळे परिसरात शतकानुशतके व्यवसायाचा आणि घरकामाचा भाग होती. नदीतील डोहावर मासेमारी करणारे भोई व भिल्ल, धान्याचे पेव लिंपणारा शेतकरी आणि डाळीला एरंडेल चोळणारी गृहिणी हे सर्वजण निरनिराळ्या प्राण्यांच्या श्वासमार्गांचे व्यावहारिक जाणकार होते. हे ज्ञान लिहिले गेले नाही, त्याला सिद्धान्ताचे रूपही आले नाही. तथापि पुढे आलेल्या सर्वेक्षणकारांनी व प्रयोगशाळांनी त्याकडे पाठ फिरविल्यामुळे काही प्रश्न विचारलेच गेले नाहीत. प्रस्तुत निबंधात या दोन ज्ञानधारांचा परस्परसंबंध, आणि त्यांच्यात पडलेले अंतर, यांचा विचार केला आहे.

नदी आणि उन्हाळा

इंग्रजांनी १८१८ मध्ये ताब्यात घेतलेला खानदेश हा धुळे येथे मुख्य ठाणे असलेला एकच मोठा जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. १९६० मध्ये त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली व १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. शासकीय सीमा अशा बदलत गेल्या, पण या प्रदेशाचे जलस्वरूप एकसारखे राहिले. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी ही कणा, आणि वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई, अनेर, गोमाई या तिला मिळणाऱ्या नद्या. धरणे होण्यापूर्वी यांपैकी बहुतेक उपनद्यांचा प्रवाह हिवाळ्याअखेर मंदावे आणि चैत्र-वैशाखात पात्रात तुटक डोह तेवढे उरत. पांझरेवरील फड पद्धतीचे बंधारे हे याच तुटपुंज्या पाण्याचे सामुदायिक नियोजन होते.

श्वसनाच्या दृष्टीने या उन्हाळी डोहाचे महत्त्व असाधारण आहे. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. हवेच्या संपर्कात असलेल्या गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला दर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३५ अंशांना तो ७ मिलिग्रॅमच्या आसपास येतो. याउलट माशाचे शरीर तापते तशी त्याची प्राणवायूची गरज वाढते, दर दहा अंशांना ती ढोबळमानाने दुप्पट होते. पाण्यात कुजणारा पालापाचोळा उरलेल्यातील मोठा वाटा उचलतो. त्या डोहावरच्या एक लिटर हवेत मात्र सुमारे २७० ते २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ चाळीसपट. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो त्या दिवसांत आटत्या डोहातील माशाच्या दृष्टीने जगणे आणि मरणे यांतील अंतर पाण्याच्या पृष्ठभागाइतकेच असते.

हे अंतर ओलांडणारे मासे म्हणजे मरळ आणि तिचे भाऊबंद. मरळीच्या डोक्यात कल्ल्यांच्या वरच्या बाजूस रक्तवाहिन्यांनी भरलेली पोकळी असते. तीत ती हवेचा घोट साठविते. मागूर माशाला कल्ल्यांवर झाडाच्या फांद्यांसारखे अवयव असतात, तर शिंगीच्या पाठीच्या स्नायूंत दोन लांब वायुकोश मागपर्यंत गेलेले असतात. कल्ले सर्वांनाच आहेत. पण प्रौढ मरळीला केवळ कल्ल्यांवर जगता येत नाही. ठरावीक अवधीने तिला वर यावेच लागते. मरळीची पिल्ले थव्याने राहतात व अंड्यातून बाहेर पडल्यावर अल्पावधीतच हवा घेण्यासाठी वर येऊ लागतात. पाण्यावरील ही खळबळ पाहूनच मरळीचे घर कोठे आहे ते मासेमाराला कळते. रोहू किंवा महसीर पकडताना मासेमार पाण्याच्या प्रवाहाचा विचार करतो. मरळीच्या बाबतीत तो तिच्या श्वासाची वाट पाहतो.

दुसरी पद्धत विषाची. सातपुड्याच्या पायथ्याच्या भागात आणि एकंदर सह्याद्री-सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात गेळफळ, हिंगणाचे फळ व मोहाची पेंड यांचा वापर लहान डोहांत मासे गुंगविण्यासाठी होत आला आहे. या तिन्हींमध्ये सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. कल्ल्यांची नाजूक त्वचा त्याने बिघडते, ते रक्तात गेल्यास तांबड्या पेशी फुटतात, आणि मासा पाण्यात असूनही गुदमरून वर येतो. माणसाच्या आतड्यातून हे द्रव्य फारसे शोषले जात नसल्याने असा मासा खाता येतो. हवा घेणारे मासे मात्र याला उशिरा बळी पडतात. पुढे मत्स्यशेतीच्या शास्त्राने हेच तंत्र स्वीकारले. तळ्यात बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी हेक्टरी सुमारे २,५०० किलो मोहाची पेंड टाकण्याची शिफारस भारतीय मत्स्यपालनाच्या पुस्तकांत आढळते. ज्या रीतीला एका काळी नासधूस म्हटले गेले तीच मात्रा ठरवून दिल्यावर शास्त्रीय पद्धत ठरली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये.

साइक्स आणि डे

दख्खनच्या माशांचा पहिला पद्धतशीर अभ्यास कर्नल विल्यम हेन्री साइक्स याच्या नावावर आहे. मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्याची सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक केली. पुणे, अहमदनगर, धारवाड यांबरोबर खानदेशही त्याच्या कार्यक्षेत्रात होता. १८३१ मध्ये तो मायदेशी परतला आणि दख्खनच्या माशांवरील त्याचे वर्णन १८३९ ते १८४१ या काळात लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेने प्रसिद्ध केले. त्याच्या लेखनाचा एक विशेष मराठी वाचकाला सुखावणारा आहे. नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना त्याने नदीकाठी ऐकलेली मराठी नावेच लॅटिनच्या जोडीला बसविली. कोळस, घोगरा, शिंगटी ही नावे त्यामुळे जगभरच्या मत्स्यसूचींत आजही टिकून आहेत.

ज्यांच्याकडून साइक्सने नावे घेतली त्यांच्याकडून सवयींची माहितीही मिळू शकली असती. परंतु त्याचे काम वर्णन, मोजमाप आणि चित्र यांपुरते होते. मरळीच्या एका प्रकाराला त्याने अंगावरील पांढऱ्या ठिपक्यांवरून नाव दिले. ती श्वास कसा घेते हा त्याच्या प्रबंधाचा विषय नव्हता. शिवाय त्याचे बहुतेक मासे भीमा आणि तिच्या उपनद्यांतील होते. खानदेश कागदोपत्री त्याच्या सर्वेक्षणात होता, तापी मात्र मत्स्यदृष्ट्या जवळजवळ बाहेरच राहिली. काठावर आणलेल्या मेलेल्या माशाचे वर्णन करणाऱ्या पद्धतीची ही मर्यादा होती. साइक्सला वैयक्तिक दोष देण्याचे कारण नाही.

हवेत श्वास घेणाऱ्या भारतीय माशांबद्दल कुतूहल गंगेच्या खोऱ्यात आधीच निर्माण झाले होते. तेथील माशांचा हॅमिल्टनचा ग्रंथ १८२२ चा आहे. निर्णायक प्रश्न मात्र फ्रान्सिस डे याने विचारला. मद्रासच्या सैन्यातील हा शल्यचिकित्सक पुढे भारत व ब्रह्मदेश यांच्या मत्स्यव्यवसायाचा महानिरीक्षक झाला. १८६० आणि १८७० च्या दशकांत त्याने केलेल्या प्रयोगांचे सार असे : मरळीसारख्या माशाला पाण्याच्या पृष्ठभागावर येऊ न देता खालीच अडवून धरले, तर पाणी चांगले असूनही तो गुदमरून मरतो. कल्ले हे पाण्यासाठी आणि फुप्फुस हे हवेसाठी, या सरळ विभागणीला या साध्या प्रयोगाने तडा गेला. डेचा प्रयोग आणि मरळ वर येण्याची वाट पाहणाऱ्या भोयाचे निरीक्षण यांत तत्त्वतः फरक नाही. फरक आहे तो एवढाच, की डेने तो इंग्रजीत लिहून ठेवला आणि त्यामुळे त्याच्यावर पुढचे काम उभे राहू शकले.

डेच्या कार्याला दुसरी बाजूही आहे. १८७३ च्या त्याच्या अहवालाने देशी मासेमारीच्या रीतींवर, विशेषतः बारीक जाळी, आडवे बांध आणि विषप्रयोग यांवर, टीका केली. अशा विचारांची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यात झाली. त्याने स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास मनाई केली. वाहत्या नदीच्या संदर्भात ही मनाई योग्यच म्हटली पाहिजे. परंतु वैशाखात आटत चाललेल्या, पंधरा दिवसांनी चिखल होणार असलेल्या डोहात टाकलेले गेळफळ आणि भर प्रवाहात टाकलेले विष यांत कायद्याने भेद केला नाही. त्या डोहातील कल्ल्यांवर जगणारे मासे तसेही प्राणवायूअभावी मरणार होते. हा भेद समजण्यासाठी ज्या ज्ञानाची गरज होती ते ज्ञान डोहाकाठी होते, आणि काही प्रमाणात खुद्द डेच्या प्रयोगवहीतही होते.

विसाव्या शतकात हे सूत्र भारतीय संशोधकांनी पुढे नेले. बसंतकुमार दास यांचा भारतीय वायुश्वासी माशांवरील प्रबंध १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सुंदरलाल होरा यांनी १९३५ मध्ये या माशांच्या शरीरक्रिया, जीवनक्रम आणि उत्क्रांती यांचा एकत्रित विचार मांडला. पुढे भागलपूर येथे दत्त मुन्शी आणि त्यांचे इंग्रज सहकारी ह्यूझ यांनी कल्ल्यांचे व वायुकोशांचे क्षेत्रफळ मोजण्यापर्यंत मजल मारली. त्यांचा संयुक्त ग्रंथ १९९२ चा आहे. ही सर्व केंद्रे गंगेच्या खोऱ्यातली किंवा तेथील माशांवर पोसलेली होती. दलदलीचा बिहार-बंगाल हा वायुश्वासी माशांचा नमुनेदार प्रदेश मानला गेला. दरवर्षी तुटणारी दख्खनची नदी हा वेगळा नमुना होऊ शकला असता. तो झाला नाही.

पेव आणि एरंडेल

जमिनीवरच्या प्राण्यांकडे वळताना प्रथम कीटकांचा विचार करावा लागतो, कारण खानदेशातील घराघरांत ज्या प्राण्याचा श्वास बंद केला जातो तो कीटकच होय. कीटकाच्या रक्ताचा प्राणवायू वाहण्याशी फारसा संबंध नसतो. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या श्वासरंध्रांतून हवा आत जाते आणि फांद्या फुटत जाणाऱ्या श्वासनलिकांनी थेट पेशींपर्यंत पोहोचते. मालपिघीने १६६९ मध्ये रेशीमकिड्याच्या शरीरातील या नलिका दाखविल्या आणि श्वासरंध्रांना तेल लावले की किडा मरतो हेही सिद्ध केले. तुरीच्या वा मुगाच्या डाळीला एरंडेलाचा हात लावून ती डब्यात भरण्याची रीत याच तत्त्वावर चालते. कडधान्यातील भुंगेरा दाण्यावर अंडे चिकटवितो. तेलाच्या पातळ थराने त्या अंड्याची वायूंची देवाणघेवाण थांबते आणि अळी दाण्यात शिरण्यापूर्वीच संपते. डाळ-उद्योगासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावात ही रीत आजही घरगुती साठवणीत दिसते. मालपिघीचा प्रयोग आपल्या स्वयंपाकघरात घडतो आहे हे प्राणिशास्त्राच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

पेवाची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार भाषेत राहिला, वस्तू मात्र विरळ झाली. ज्वारीच्या पट्ट्यात जमिनीखाली हंड्याच्या आकाराचा खड्डा खणत, आतून पेंढ्याचे अस्तर देत, धान्य भरून तोंड दगडाने झाकीत आणि शेणमातीने लिंपून टाकीत. काळ्या मातीत ओल धरते व भेगा पडतात. म्हणून गाव ज्या पांढरीवर वसलेले असे तेथील जमीन यासाठी सोयीची. बंद पेवात दाणे स्वतः श्वसन करतात, त्यांतील किडे करतात, बुरशी करते. काही आठवड्यांत प्राणवायू घटत जातो आणि कर्बवायू साचतो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांवर आला की साठवणीतले बहुतेक किडे मरतात किंवा निष्क्रिय होतात, आणि धान्य टिकते. किड्यांचा श्वासच किड्यांचा काळ होतो, अशी ही योजना.

या योजनेची किंमत कधी कधी माणसाला मोजावी लागे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, तोंड मोकळे ठेवायचे, आणि पेटता दिवा खाली सोडून पाहायचा, हा दंडक त्यामुळेच पडला. आधुनिक आकड्यांशी तो ताडून पाहण्यासारखा आहे. साधी ज्योत प्राणवायू १६-१७ टक्क्यांखाली गेला की विझते. माणूस १० टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपतो. किडा त्याहूनही पुष्कळ खाली तग धरतो. म्हणजे दिवा माणसाच्या आधी विझतो आणि माणूस किड्याच्या आधी कोसळतो. तुलनात्मक शरीरक्रियाशास्त्र ज्याला सहनमर्यादा म्हणते तिची ही उतरती श्रेणी पेवाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला ठाऊक होती; फक्त ती टक्क्यांत मांडलेली नव्हती.

प्रयोगशाळा

खानदेशात उच्च शिक्षणाची सोय प्रत्यक्षात झाली ती १९४५ मध्ये जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय सुरू झाल्यानंतर. पुढे धुळे व इतर तालुक्यांच्या गावी महाविद्यालये निघाली. पुणे विद्यापीठाशी असलेला संबंध १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन होईपर्यंत टिकला. २०१८ पासून हे विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत श्वसनाचे शिक्षण बेडकाच्या आणि झुरळाच्या विच्छेदनातून होत असे. बेडकाचे उदाहरण त्यासाठी फार सोयीचे. ऑगस्ट क्रोग याने १९०४ मध्ये दाखविल्याप्रमाणे बेडूक प्राणवायू मुख्यतः फुप्फुसाने घेतो आणि कर्बवायू बव्हंशी त्वचेवाटे टाकतो; एकाच प्राण्यात दोन अवयवांनी दोन वायू वाटून घेतलेले असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्यास सांगितले आणि २०१४ मध्ये त्यावर पूर्ण बंदी घातली. तो निर्णय प्राण्यांच्या हिताचा होता यात वाद नाही. त्याने विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोरून कल्ला आणि वायुकोश गेला, हेही खरे. बाजारातून आणलेल्या मरळीचे डोके ही उणीव सहज भरून काढील.

संशोधनाच्या पातळीवर गेल्या काही दशकांत उत्तर महाराष्ट्र आणि शेजारच्या मराठवाड्यात एका विषयाची मोठी परंपरा तयार झाली : कीटकनाशके व जड धातू यांचा गोड्या पाण्यातील मासे, शिंपले आणि खेकडे यांच्या प्राणवायू-ग्रहणावर होणारा परिणाम. कापसावरील फवारण्यांचा प्रदेश म्हणून हा विषय येथे सुचणे स्वाभाविक होते, आणि त्यातून साठलेली आकडेवारी मौल्यवान आहे. पद्धत ठरलेली : विषारी द्रावणात काही तास ते चार दिवस ठेवलेला प्राणी बंद बाटलीत ठेवायचा आणि पाण्यातील प्राणवायू विंकलरने १८८८ मध्ये सांगितलेल्या रासायनिक रीतीने सुरुवातीला व शेवटी मोजायचा. दोहोंतील फरक हे त्या प्राण्याचे प्राणवायू-ग्रहण.

कटला किंवा रोहू यांच्यासाठी ही पद्धत निर्दोष आहे. शिंपल्याच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी. विषाची चाहूल लागताच शिंपला कवचे मिटून घेतो. मग आकडा खाली जातो तो कल्ले बिघडल्यामुळे की दार बंद केल्यामुळे, हे बाटली सांगत नाही. मरळ, मागूर आणि शिंगी यांच्या बाबतीत मात्र आक्षेप मूलभूत स्वरूपाचा आहे. तोंडापर्यंत पाण्याने भरून बूच लावलेली बाटली म्हणजे दुसरे काही नसून डेचा अडथळा होय. हवा घेणाऱ्या माशाला हवेपासून तोडून त्याचे श्वसन मोजले, तर हाती येते ते त्याच्या अर्ध्या श्वासाचे, तेही गुदमरण्याच्या अवस्थेतले, मोजमाप. भागलपूरच्या अभ्यासकांनी म्हणूनच पाणी आणि हवा यांतील ग्रहण वेगवेगळे मोजणारी उपकरणे वापरली होती. हवेचा कप्पा असलेली अशी बाटली बनविणे कोणत्याही महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातले आहे. तिच्यावाचून वायुश्वासी माशांविषयी काढलेले निष्कर्ष पुन्हा तपासले पाहिजेत.

दुसरा प्रश्न वेळेचा आहे. गिरणा धरण, तापीवरचे हतनूर आणि इतर प्रकल्पांनंतर खानदेशातील नद्यांचा उन्हाळी डोह बदलला. कोठे तो कायमच्या जलाशयात बुडाला, कोठे धरणाखालच्या कोरड्या पात्रात गावाच्या सांडपाण्यावर हिरवा होऊन राहिला. शेवाळाने भरलेल्या अशा पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणाने प्राणवायू भरपूर वाढतो, सायंकाळनंतर शेवाळासह सर्वांचे श्वसन तो खाऊन टाकते, आणि सूर्योदयापूर्वी तो सर्वांत कमी असतो. त्या घटकेला कल्ल्यांवर जगणारे मासेही तोंडे वर काढून पृष्ठभागाचे पाणी गिळू लागतात आणि मेलेले मासे सकाळी काठाला लागतात. महाविद्यालयाच्या वेळापत्रकात पाण्याचा नमुना सकाळी आठ ते अकराच्या दरम्यान घेतला जाणे सोयीचे असते, आणि तोवर शेवाळाचे काम पुन्हा सुरू होऊन बाटलीत समाधानकारक आकडा येतो. मासे कशाने मेले याचे कारण मग कारखान्याच्या वा शेतातल्या विषात शोधले जाते. ते कधी तेथे असतेही. पहाटे चार ते सहाच्या दरम्यान घेतलेल्या नमुन्यांची मालिका शेजारी असल्याखेरीज या दोन कारणांतील निवाडा करता येत नाही, आणि त्या वेळी डोहावर जाळे घेऊन आलेला माणूसच पाण्यावरची खळबळ कोणत्या माशाची आहे हे सांगू शकतो.